खिडकीच्या गाण्यातला गाढव

दुसऱ्यांचे दात बनवणाऱ्या माणसाने स्वतःचं तोंड बंद ठेवलं, तर त्यात वावगं काही नाही. बत्तीशीने मात्र ते जरा जास्तच बंद ठेवलं.

बत्तीशी हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेणार, मागे हा त्यात प्लास्टर ओतणार, मेणाच्या हिरड्या चढवणार आणि त्यात एकेक दात असा निगुतीने रोवणार की मालकाला स्वतःच्या खऱ्या दातांचाही कधी एवढा अभिमान वाटला नसेल. खोलीतल्या फळीवर तयार जबडे ओळीने मांडलेले असायचे. नवखा माणूस आत आला की दचकायचा. एवढी तोंडं एकदम आपल्याकडे बघून हसताहेत, हे काही कोणाला सोसत नाही. बत्तीशीला सोसायचं. दिवसभर घासकाम, तोंडावर फडकं, भुवयांवर पांढरी धूळ, आणि कानात ‘उलटा जिना’.

‘उलटा जिना’ हा बँड ज्यांना ठाऊक नाही त्यांना समजावत बसण्यात अर्थ नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते समजावल्याशिवाय राहत नाहीत. टेलरमास्तरच्या दुकानात रविवारी दुपारी जमायची ती मंडळी या दुसऱ्या जातीची. मंडळी म्हणजे तरी किती? एक स्वतः मास्तर. शाळेपासून बत्तीशीचा दोस्त. कापड कापताना तोंडात टाचण्या धरून वाद घालू शकणारा तेवढा एकच. दुसरी शेजारच्या दुकानातली झेरॉक्सवाली ताई. वयाने दोघांपेक्षा मोठी, जीभ मास्तरच्या कात्रीपेक्षा धारदार. आणि तिसरा बत्तीशी, तो बहुतेक ऐकायचा. मास्तरने शर्टांच्या कपाटावर दोन दांडगे स्पीकर चढवले होते. गाणं जोरात लागलं की हँगरवरचे कोट हलायचे, आणि ताई म्हणायची, “बघ, तुझी गिऱ्हाइकं नाचायला लागली.”

वाद ठरलेले असायचे. ताईने बँडचा तो मैदानावरचा कार्यक्रम पाहिलेला, ज्यात पावसाने वीज गेली आणि गायक माईक टाकून नुसत्या गळ्याने गायला.

“अर्ध्या लोकांना ऐकूच आलं नसेल,” मास्तर म्हणायचा.

“ज्यांना आलं ते अजून जिवंत आहेत, तुझ्यासमोर बसलेत.”

“गिटार बेसूर होती त्या दिवशी. तूच म्हणालीस.”

“बेसूर नव्हती रे मेल्या, ओली होती!”

असं सगळं चालायचं. पण कुठूनही निघालं तरी बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडायचं: खिडकीचं गाणं, आणि त्यातला गाढव.

‘खिडकी उघडी ठेव’ हे त्यांचं गाजलेलं गाणं. घर सोडून गेलेला माणूस घरच्यांना सांगतो, खिडकी उघडी ठेवा. तिसरं कडवं संपतं आणि सगळी वाद्यं एकदम थांबतात. शांतता. मग गायक अगदी हळू, कानात सांगितल्यासारखा म्हणतो, “आलो.” आणि शेवटचं कडवं सुरू होतं. ती शांतता चाहत्यांना श्वासासकट पाठ. कुठे श्वास सोडायचा आणि कुठे घ्यायचा, हे डोळे मिटूनसुद्धा कळावं इतकी.

बँडचा शेवटचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला. त्यानंतर गायकाचं आणि ड्रमवाल्याचं असं बिनसलं की दोघं पुन्हा एका मंचावर आलेच नाहीत. म्हणजे कार्यक्रमांचं उरलं काय, तर तेवढं एक रेकॉर्डिंग. त्यात खिडकीचं गाणं येतं, तिसरं कडवं संपतं, वाद्यं थांबतात. गायक थांबतो. नेहमीपेक्षा जास्त थांबतो. अजून थांबतो. सगळं सभागृह टाचणी पडली तरी ऐकू येईल असं गप्प. आणि तेवढ्यात, हेडफोन लावले तर नेमका उजव्या कानात, कोणीतरी खच्चून ओरडतो:

“आलो!”

सुरात नाही, तालात नाही. बायकोने जेवायला हाक मारल्यावर वर्तमानपत्रातून डोकं न काढता माणूस जसा ओरडतो, तसं. मग हशा. हजारो लोकांचा, पिकलेला हशा. गायकही हसतो, आणि उरलेलं गाणं कसंबसं उरकून टाकतो.

“या माणसाला,” मास्तर दर वेळी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचा, “मला एकदा भेटायचंय. मारणार नाही. फक्त विचारणार, बाबा रे, तुला कसली घाई होती?”

“मी मारणार,” ताई म्हणायची.

बत्तीशी मान खाली घालून पँटच्या सुटलेल्या दोऱ्याशी खेळायचा. कारण तो गाढव तोच होता.

आता हे कसं झालं? त्या कार्यक्रमाचं तिकीट मुळात मास्तरचं. त्याने ते किती दिवस आधी मिळवलेलं, पाकिटात घालून छातीशी बाळगलेलं. नेमके त्याच सकाळी त्याचे वडील न्हाणीत पडले, खुब्याचं हाड गेलं. दवाखान्याच्या जिन्यात मास्तरने ते तिकीट बत्तीशीच्या हातात कोंबलं. “जा. माझ्या वाटचंही ऐक.” बत्तीशी गेला. त्याने याआधी कधी त्यांना समोर पाहिलं नव्हतं. त्याचं सगळं प्रेम कानातून झालेलं. खिडकीचं गाणं सुरू झालं तसे त्याने डोळे मिटले, जसे तो खोलीत कवळी घासताना मिटायचा. तिसरं कडवं संपलं. शांतता आली. पाठ असलेली शांतता. त्याच्या अंगात ती घड्याळासारखी चालू होती, आणि तिची वेळ भरली तेव्हा त्याचं तोंड आपोआप उघडलं. गायकासोबत, मनातल्या मनात म्हणायचं होतं त्याला. पण गायक काही बोललाच नाही, आणि मनातलं मनात राहिलं नाही. गाणं कमी येत असतं तर गप्प बसला असता. त्याला जास्त येत होतं, तिथेच घात झाला.

परत आल्यावर मास्तरने दवाखान्यातल्या बाकावर बसून विचारलं, “कसं झालं?” बत्तीशी म्हणाला, “छान.” पुढे रेकॉर्डिंग आलं, तेव्हा मास्तरने विचारलं, “कोण होता रे तो हलकट? तू तर तिथेच होतास.” तेव्हा बत्तीशी म्हणाला, “अंधार होता. मागून आवाज आला. तिथे खांब होता बघ, त्याच्या बाजूने.”

एवढंच. बोलायला किती सोपं असतं बघा, खांब.

त्यानंतर कित्येक वर्षं गेली. मास्तरचे वडील गेले, ताईने नवं मशीन घेतलं, बत्तीशीच्या भुवयांवरची पांढरी धूळ झटकून जाईनाशी झाली. आणि एका रविवारी शाळेच्या बसचा ड्रायव्हर गणवेशाची पँट कमरेत सैल करून घ्यायला दुकानात आला.

आडव्या बांध्याचा, शांत माणूस. स्पीकरवर ‘उलटा जिना’ वाजत होतं. तो काउंटरला टेकून ऐकत राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, “मी यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला होतो.”

मास्तरने मशीन थांबवलं. ताईने स्टूल पुढे सरकवलं. पाहुण्याला एवढा मान त्या दुकानात कधी मिळाला नव्हता. “बसा, बसा! कुठे होतात तुम्ही?”

“उजवीकडे, मागे. खांबाजवळ.”

दुकानात जी शांतता झाली ती रेकॉर्डवरच्या शांततेपेक्षा वाईट होती. मास्तरने बत्तीशीकडे पाहिलं, ताईने पाहिलं. ड्रायव्हरनेही पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं.

“खांबाजवळ?” मास्तर म्हणाला. “म्हणजे तो ‘आलो’ तुम्हीच की काय?”

“मी नाही.”

“मग कोण?”

ड्रायव्हरची नजर अजून बत्तीशीवर होती. मग तो काउंटरवरच्या मापाच्या टेपकडे बघत म्हणाला, “ते मी कसं सांगणार?”

“चोर कधी म्हणतो का मी चोर!” ताई टाळी वाजवून हसली. “सापडला रे, मास्तर! तुझा हलकट सापडला!”

तिथे बत्तीशीने बोलायला हवं होतं. दात काढून हसला तो. सगळ्यांबरोबर.

ड्रायव्हर बिचारा गाण्यांसाठी येत राहिला. त्याला घरी कोणी ऐकणारं नव्हतं, त्यामुळे रविवार दुपार त्यालाही लागायची. पण आता तो दारात दिसला की मास्तर ओरडायचा, “आलो!” चहा आला की ताई म्हणायची, “आलोशेठ, घाई करू नकोस, भाजेल.” तो हसून घ्यायचा. एकदा म्हणालाही, “मी नव्हतो हो,” तर मास्तर म्हणाला, “आम्ही माफ केलंय की! हसतोय म्हणजे माफच केलंय.” बत्तीशी प्रत्येक वेळी हसायचा आणि हसताना गाल असा दुखायचा, जशी मापाला न बसलेली कवळी टोचते.

मग ताईचा भाचा निघाला नेमका त्याच शाळेचा. घरी मावशीने मजेत सांगितलेली गोष्ट पोराने बसमध्ये नेली. झालं. प्रत्येक स्टॉपवर बस थांबली की मागून पोरांचा कल्ला: “आलो!” कोणी चढलं, आलो. कोणी उतरलं, आलो. शाळेच्या बाईंनी ड्रायव्हरला बोलावून विचारलं, मुलांशी एवढी सलगी करता का तुम्ही? आणि ड्रायव्हरने रविवारी दुकानात येणं बंद केलं. त्याची सैल केलेली पँट हँगरवर तशीच राहिली.

“रुसला वाटतं आलोशेठ,” मास्तर म्हणाला.

“एवढं काय मनाला लावून घ्यायचं!” ताई म्हणाली, पण तिचाही आवाज जरा खाली आलेला.

बत्तीशी घरी गेला. जेवायला बसला, घास फिरवत राहिला. बायकोने विचारलं काय झालं, तर त्याने ड्रायव्हरची गोष्ट सांगितली, जणू ती कोणा तिसऱ्याची गोष्ट आहे. बायको पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “अहो, पण तो आवाज तर तुमचा आहे.”

“काय?”

“मी रोज ऐकते. वाढलंय म्हटलं की तसंच ओरडता, आणि येत नाही. रेकॉर्डिंग घरी आणलंत त्या दिवशीच ओळखला मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, नवरा लाजलाय, लाजू दे. ओरडणं हे काही पाप नाही. तेव्हा मला हसूच आलं होतं.” तिने पोळी तव्यावर टाकली. “आता नाही येत. दुसऱ्याला पुढे करून तुम्ही मागे बसलात हो. पोरंसोरं त्याला हसताहेत.”

बत्तीशीला वाटलं तिने ओरडावं, भांडावं. ती पोळी शेकत राहिली. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर तो बस उभ्या करतात त्या आवारात गेला. ड्रायव्हर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइपने बस धूत होता. बत्तीशीला बघून त्याने पाणी बंद केलं नाही, फक्त पाइप दुसरीकडे वळवला.

“एक सांगायचं होतं,” बत्तीशी म्हणाला. “त्या कार्यक्रमाला... तो ओरडणारा...”

“तुम्ही.”

बत्तीशी एक पाऊल मागे सरला.

“तुमच्या बरोब्बर मागच्या रांगेत होतो मी,” ड्रायव्हर चाकावर पाणी मारत म्हणाला. “ओरडलात आणि खाली वाकलात, बुटाची लेस बांधायला. तुमच्या बुटाला लेसच नव्हती. मला फार हसू आलं होतं तेव्हा. दुकानात शिरलो आणि बघितलं, अरे, हा तोच. बरं वाटलं. म्हटलं चला, एक ओळखीचा निघाला.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही?”

“तुम्ही सांगाल असं वाटलं. पहिल्या दिवशी वाटलं. पुढच्या रविवारी वाटलं. म्हटलं, दोस्तांसमोर चटकन जीभ वळत नसेल, वळेल. नंतर नंतर मला त्यांच्या चिडवण्याचं काही वाटेना. तुमच्याकडे बघवेना. तुम्ही हसायचात ना, तेव्हा मलाच मेल्यासारखं व्हायचं.”

माफी मागायची तर शब्द कुठला? सगळे शब्द बत्तीशीला स्वतःच्याच तोंडात परक्या दातांसारखे वाटले.

“माझी पँट तेवढी राहिलीये तिथे,” ड्रायव्हर म्हणाला. “रविवारी घेऊन जाईन. मग सुटलो.” आणि तो बसच्या पलीकडच्या बाजूला गेला. पाण्याचा आवाज येत राहिला. बत्तीशी ओल्या बुटांनी निघून आला.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी दुकानात जाऊन बसला. मास्तरला एकट्याला सांगायचं ठरवून. मास्तरने टेप पुढे केली, “धर जरा,” आणि बत्तीशीने टेप धरली. मग ताई आली. मग म्हटलं चहा होऊ दे. चहा झाला. तेवढ्यात काचेच्या दारातून ड्रायव्हर आत आला.

“आलो!” मास्तर सवयीने ओरडला, पण लगेच मवाळ झाला. “अरे, रागावलास की काय? बस ना. चहा घे.”

“पँट द्या. डिझेल भरायला निघालोय, बस रस्त्यात उभी आहे.”

“देतो, देतो. इस्त्री मारतो एकदा.” मास्तरला वाटत होतं, माणूस पुन्हा खुशीत यावा. आणि मास्तरला माणसाला खुशीत आणायची एकच रीत ठाऊक होती. त्याने रेकॉर्डिंग लावलं. तेच. “हे ऐकून जा. तुझ्या नावाचं गाणं आहे शेवटी. आज तूच म्हण त्याच्याबरोबर, आम्ही टाळ्या वाजवतो, विषय संपला!”

तिसरं कडवं आलं. ड्रायव्हर काउंटरपाशी उभा, दोन्ही हात खिशात, डोळे जमिनीकडे. वाद्यं थांबली. मास्तर आणि ताई हसऱ्या तोंडाने त्याच्याकडे वळून बसले, पोराने पाठ केलेलं म्हणून दाखवावं म्हणून पाहुणे बसतात तसे. स्पीकरमध्ये ते मोठं सभागृह गप्प झालं. ड्रायव्हरने ओठ उघडले. तो खरंच म्हणणार होता. एकदाचं म्हणून टाकणार होता आणि जाणार होता.

“आलो!”

दोन आवाज एकदम आले. एक स्पीकरमधून आणि एक कोपऱ्यातल्या स्टुलावरून. तोच चिरका सूर, तसाच शेवटी वर गेलेला, मधे केसाचंही अंतर नाही. कपाटाखाली एक हँगर हलत राहिला.

मग रेकॉर्डवरचा हशा आला. हजारो लोक हसले, हसत राहिले. दुकानात कोणी हसलं नाही. मास्तर इस्त्री हातात धरून उभा होता. हशा संपायला इतका वेळ लागतो, हे बत्तीशीला तोवर माहीत नव्हतं.

मास्तरने इस्त्री उभी ठेवली. गाणं बंद केलं.

“माझ्या तिकिटावर?” तो म्हणाला.

बत्तीशीने होकारार्थी मान हलवली.

“आणि खांब?”

“खांब नव्हताच तिथे. म्हणजे होता. पण... मी सांगितलं तसं नव्हतं.”

ताईने पदर तोंडाशी नेला. ती बत्तीशीकडे बघत नव्हती, ड्रायव्हरकडे बघत होती. “आणि आपण या माणसाला,” ती पुटपुटली, “माझ्या भाच्याने तर बसमध्ये... अरे देवा.” मग बत्तीशीकडे वळली. तिची ती धारदार जीभ आता चालेल, असं वाटलं. चालली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “तू हसायचास रे आमच्याबरोबर.”

बत्तीशी उठला. दाराशी गेला. दार अर्धं उघडलं आणि तिथेच उभा राहिला, कारण बाहेर जाऊन कुठे उभं राहायचं ते त्याला सुचेना.

मास्तरने पँट इस्त्री केली. दोन्ही पाय जुळवून, शिवण शिवणीवर आणून, सावकाश. मग अचानक, पाठ न वळवता, त्याने विचारलं, “त्या वेळी तो काय करत होता? गायक. एवढा का थांबला होता? इतकी वर्षं मी तुला विचारलं, तू दर वेळी अंधार होता म्हणालास. आता तरी सांग.”

“मला माहीत नाही,” बत्तीशी म्हणाला. “माझे डोळे मिटलेले होते.”

“माझ्या वाटचंही ऐक म्हणालो होतो मी.”

“ऐकलं. बघितलं नाही.”

मास्तरने फक्त मान हलवली, जणू चुकीच्या मापाचं कापड आता काही जोडून होणार नाही.

“मी बघितलं,” ड्रायव्हर म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं. इतके रविवार हा माणूस त्या स्टुलावर बसून गेला होता, आणि काय दिसलं हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. ताईने स्वतःचं स्टूल उचलून त्याच्यापुढे ठेवलं आणि आपण कपड्यांच्या गाठोड्यावर बसली. “बसा,” ती म्हणाली. तिच्या तोंडी त्याच्यासाठी पुन्हा ‘तुम्ही’ आलं.

ड्रायव्हर बसला, टोकावर. “गायक माईकपासून मागे सरकला होता. ड्रमवाल्याकडे तोंड करून. दोघं एकमेकांकडे बघत होते. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. आणि गायकाचे ओठ हलले. गाण्याचे नव्हे. तो त्याला काहीतरी बोलणार होता. ड्रमवाला ऐकायला जरा पुढे वाकला, आणि तेवढ्यात...” तो थांबला.

पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

“काय बोलणार होता?” मास्तरने विचारलं.

“कसं कळणार? मग सगळे हसले, तोही हसला, आणि वळला माईककडे.”

बत्तीशी अर्ध्या उघड्या दारात एक पाय आत एक बाहेर असा उभा होता. बसमागे अडकलेल्या कोणीतरी रस्त्यावरून हॉर्न वाजवला. वाऱ्याबरोबर धूळ आत येऊन इस्त्री केलेल्या पँटवर बसायला लागली.

“दार लाव,” मास्तर म्हणाला. त्याच्याकडे न बघता. “आत ये नाहीतर बाहेर जा. पण दार लाव. कपडे मळताहेत लोकांचे.”

बत्तीशी आत आला आणि त्याने दार लावलं. बसायला जागा नव्हती. ड्रायव्हर अगदी पहिल्यापासून सांगायला लागला, पहिलं गाणं कुठलं झालं तिथपासून, आणि बत्तीशी दाराला पाठ लावून उभ्यानेच ऐकत राहिला.